चपात्यांच्या डब्यातली स्क्रीन

ती स्क्रीन आमच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होती. आमचे हे टेम्पो चालवायचे, तेव्हा कोणा साहेबांचं घर हलवताना टाकून दिलेल्या सामानात ती त्यांना मिळाली. मुलांच्या गेमच्या मशीनवर झाकणासारखी बसणारी छोटी स्क्रीन. मशीन मेलेलं होतं, स्क्रीन मात्र चालत होती. "पोरीला होईल," म्हणून यांनी घरी आणली. पण पोरीकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम होता आणि तो तिला मोठ्या टीव्हीवरच आवडायचा. मग स्क्रीन जुन्या ताटल्यांबरोबर वर गेली. आता पोरगी नाशिकला नर्सिंग शिकते. गेम इथेच राहिला.

मी पावणे गावातल्या एका छोट्या कंपनीत सोल्डरिंग करते. आमच्याकडे वजनकाटे बनतात. दुकानातल्या काट्यावर आकडे दिसतात ना, त्या आकड्यांच्या मागे जो बोर्ड असतो तो माझ्या टेबलावरून जातो. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, तिथे मुलींना पाठवत नसत. हात मात्र माझा स्थिर आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. कोणी विचारलं तरी अर्धंच सांगून गप्प बसते. म्हणून जे केलं ते नीट, पहिल्यापासून इथे लिहून ठेवते.

मागच्या वर्षी यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जायला लागले. हात मात्र तसाच राहिला. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता, दिवसभर दाबत राहायचा. हे तो दिवाणाखाली घरंगळू द्यायचे.

"मी काय तान्हं बाळ आहे का, चेंडू खेळायला?"

सासूबाई वाकून तो परत काढायच्या. म्हणायच्या, "तान्हा असताना पन आसाच टाकून द्यायचा. मीच उचलायची."

एकदा बाई जाताना दारात माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "हाताला काम नाही मिळालं तर हात काम विसरतो. चेंडू नाही आवडत तर दुसरं काही द्या. पण त्यांना आवडेल असं द्या."

मला रोज तेच दिसायला लागलं. जेवताना, शर्ट घालताना, तो हात यांच्या शरीरावर पाहुण्यासारखा बसलेला असायचा. मला एवढंच हवं होतं की तो परत यांचा व्हावा.

एक दिवस कामावरून आले तर हे टीव्हीसमोर बसलेले. पोरीचा जुना गेम काढून जोडलेला. गेमचा रिमोट गुडघ्याखाली दाबून धरलेला आणि उजवा हात आडवा घालून डावीकडची बटणं दाबत होते. गाड्यांची शर्यत. गाडी सारखी रस्त्याच्या कडेला जात होती आणि हे तिला शिव्या घालत होते. किती दिवसांनी शिव्या ऐकल्या. मला इतकं बरं वाटलं की चप्पल न काढता तशीच उभी राहिले.

तेवढ्यात सासूबाईंच्या मालिकेची वेळ झाली.

"आई, दोन मिनिटं गं."

"तुजी गाडी उद्या बी पळंल. तिला मात्र आज कळनार हाय, सवत कोन हाय ती."

टीव्ही गेला. हे परत भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चहा ठेवला आणि उकळेपर्यंत माळ्याकडे बघत होते. यांच्यापुरता वेगळा गेम असेल तर? मांडीवर ठेवायचा, टीव्ही नको, कोणाशी भांडण नको. स्क्रीन होती, गेमचा बोर्ड होता, आणि सोल्डरिंग तर माझं कामच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनी चादर अंथरली आणि कामाला लागले. आधी गेमची पिवळी वायर स्क्रीनला जोडून बघितली. चित्र आलं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रीन उघडली. बाहेरचं प्लास्टिक एवढं जाड की आतला खरा ऐवज अगदी थोडा. दोन बाजूंचे स्पीकर काढून ठेवले. मागचा बोर्ड काचेपासून अलग केला, पण मधली चपटी पट्टी जपली. ती तुटली तर सगळं संपलं, एवढं मला माहीत होतं.

काचेच्या आत वरच्या कडेला उदबत्तीच्या काडीएवढी बारीक ट्यूब होती. चित्रामागचा उजेड तिचाच. पण ती बॅटरी खूप खाणार होती, आणि तिला पेटवणारा डबीसारखा पार्ट चालू केला की सूंऽऽ असा आवाज करायचा. हात लागला तर झटका. मांडीवर घेऊन बसायच्या वस्तूत हे नको. मी ती ट्यूब काढून तिथे पांढऱ्या एलईडीची बारीक पट्टी बसवली. पेटवली तर उजेड ठिपक्याठिपक्यांचा पडला, लांबून रस्त्यावरचे दिवे दिसतात तसा. मग मिठाईच्या खोक्यात वर पातळ दुधी कागद असतो, तो कापून मधे घातला. उजेड एकसारखा पसरला.

हे पहिल्या दिवशी दिवाणावरून बघत होते. दुसऱ्या सुट्टीला काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तिसऱ्या खेपेला खुर्ची मागितली. ड्रायव्हर माणूस, वायर दिसली की मत असणारच.

"अर्थिंग बॉडीला दिलंस का?"

"अहो, प्लास्टिकच्या डब्याला कसली बॉडी?"

"तरी पण द्यावं."

डबा म्हणजे आमचा चपात्यांचा, निळा, चपटा. दोन्ही हातांत बरोबर मावायचा म्हणून मी तो निवडला. सुरी गॅसवर तापवून झाकणात स्क्रीनएवढी खिडकी कापली. घरभर वास. सासूबाई नाकाला पदर लावून आल्या.

"माजा डबा! आता चपात्या कशात ठिवायच्या?"

"आई, दुसरा आणते."

"त्या मोटारगाडीत ठिवते आता. गरम राहत्याल."

हे हसले. खुर्चीवर बसून मोठ्याने हसले.

आता ज्या दिवशी चुकलं तो दिवस.

आमच्या कंपनीत एक शिस्त आहे. सोल्डरिंग झालं की बोर्ड धुतल्याशिवाय हातातून खाली ठेवायचा नाही. सोल्डरिंगला जो फ्लक्स लावतो त्याचा चिकट पिवळा डाग राहिला, तर आमच्यावर देखरेख करणाऱ्या ताई तो बोर्ड सगळ्यांसमोर वर धरतात आणि विचारतात, "ही बासुंदी कोणाची?" म्हणून थिनरमध्ये ब्रश बुडवायचा, घासायचं, कापडाने पुसायचं. इतकी वर्षं हेच करून हाताला सांगावं लागत नाही. काच आमच्या टेबलावर नसते. ती पुढच्या टेबलावर बसते, तोवर थिनर वाळून गेलेला असतो.

त्या दिवशी शेवटची वायर जोडली. आता यांना चालू करून दाखवायचं म्हणून मी फार खुशीत होते. खुशीत हाताने आपोआप ब्रश उचलला. बोर्ड घासला, थिनर ओघळून काचेवर आला. तो कापडाने पुसला. पुसतच आहोत तर सगळीच चकचकीत करू म्हणून पूर्ण काच पुसली. पुसता पुसता ती दुधासारखी पांढरी झाली.

चालू केली. आत गाडी होती, पण बाथरूमच्या काचेपलीकडे कोणी उभं असावं तशी.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"पुसली मी."

"कशानं? थिनरनं? अगं, थिनरनं टेम्पोचा रंग उतरतो."

ओरडले असते तर चाललं असतं. ओरडले नाहीत. काठी घेतली, उठले. "राहू दे. जाऊ दे ते. आपल्याकडं टिकत नाही काय," असं म्हणून दिवाणावर जाऊन पडले. पुढचे काही दिवस गेटपर्यंत चालणंही बंद. व्यायामाच्या बाई आल्या तर झोपेचं सोंग.

मी ती काच रोज कामावरून आल्यावर उजेडात धरून बघायची. खरवडून बघितलं तर कळलं, काच पांढरी झालेलीच नाही. काचेवर चिकटवलेली फिल्म पांढरी झाली आहे. फिल्म तर आमच्या कंपनीतही असते. काट्याच्या आकड्यांच्या काचेवर पुढच्या टेबलावरच्या बायका तसलीच फिल्म लावतात. वाकडी लागली तर आकडे दिसतच नाहीत, आणि त्या बाईला ताईंचं ऐकावं लागतं. मोठ्या शीटमधून फिल्म कापली की कडेचे तुकडे उरतात. म्हणजे औषध माझ्या पुढच्याच टेबलावर होतं. फक्त मागायला हवं होतं.

शेठकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. सुट्टीसुद्धा ताईंमार्फत. जुईनगरच्या घरून कामाला जाताना रिक्षात वाक्य तयार केलं, "शेठ, फिल्मचा एक तुकडा पाहिजे होता." केबिनच्या काचेपर्यंत गेले. ते फोनवर होते. परत आले. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा गेले आणि पुन्हा परत आले. तेव्हा ताईंनी माझा दंड धरला.

"काय चाललंय तुझं? देवळाला प्रदक्षिणा घालतेस का? जा आत. खात नाहीत ते."

आत गेले.

"बोला."

"शेठ, फिल्मचा एक तुकडा पाहिजे होता."

"कसली फिल्म? कशाला?"

माझं तयार केलेलं वाक्य संपलं होतं. मग जे तोंडात आलं ते बोलले. "घरी गेम बनवतेय. यांच्यासाठी. हात चालत नाही त्यांचा. काच माझ्याच हातून खराब झाली. कडेचा तुकडा चालेल, शीट नको."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरकडे.

"कसला गेम?"

"गाड्यांचा."

"दोन तुकडे घ्या. एक कापताना वाया जातो. आणि झालं की आणा इकडे, मलाही चालवायचीय गाडी."

बाहेर ताई उभ्याच होत्या. "काय म्हणाले?"

"दोन म्हणाले," मी सांगितलं. आणि मला एकदम हसू आलं, ते दिवसभर थांबेना.

जुनी फिल्म काढायला केसांचा ड्रायर शेजारून मागून आणला. काच गरम केली, कोपऱ्यातून नखाने फिल्म उचलली. लाटलेला पापड प्लास्टिकवरून सोडवतात ना, हिसका न देता, तशी ती सोडवत आणली. खाली चिकट राहिलं होतं ते खोबरेल तेलाच्या बोटाने मऊ केलं आणि साबणाच्या पाण्याने पुसलं. थिनरची बाटली त्या दिवशी मी मुद्दाम कपाटात कोंडून ठेवली होती.

मग यांच्याकडे गेले. "जरा येता का? काच हलतेय, धरायला माणूस पाहिजे."

"आईला बोलव."

"आईंचे हात थरथरतात."

आले. खुर्चीवर बसले. स्क्रीन चालू केली तर सगळी पांढरी. गाडी नाही, रस्ता नाही, नुसता उजेड.

"गेली ना?" हे म्हणाले.

"गेली नाही. फिल्मशिवाय चित्र दिसत नाही. थांबा. तुमचा डावा हात द्या, इथे कडेवर ठेवायचाय. वजन म्हणून."

मी तो हात उचलून स्क्रीनच्या कडेवर ठेवला. यांनी हाताकडे बघितलं.

"पेपरवेट झालो की मी."

"हलू नका."

मी फिल्मचा तुकडा काचेवर धरला आणि हळूहळू फिरवायला लागले. आधी काही नाही. मग धुरकट काहीतरी. मग उलटं चित्र, जिथे काळं पाहिजे तिथे पांढरं, फोटोच्या जुन्या निगेटिव्हसारखं. आणखी फिरवत नेलं, आणि त्या कोऱ्या पांढऱ्यातून रस्ता वर आला. लाल गाडी, हिरवी कडा, निळं आभाळ.

"आयला," हे म्हणाले. "परत कर."

मी परत फिरवलं. गेलं. पुन्हा फिरवलं. आलं. यांनी सासूबाईंना हाक मारून मला तिसऱ्यांदा करायला लावलं. या सगळ्या वेळात यांचा डावा हात स्क्रीनच्या कडेवर होता. ती निसटायला लागली तेव्हा त्याची बोटं किंचित आत वळली. यांना कळलं की नाही माहीत नाही. मी मात्र बघितलं.

फिल्म त्या कोनात मापून कापली, चिकटवली. आता बटणं राहिली होती.

"ते चार दिशांचं बटण उजवीकडं घे," यांनी सांगितलं. "डावा काय कामाचा?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. यांच्या शब्दाच्या उलट मी कधी गेले नव्हते. पण डब्याला भोकं पाडताना मी दिशांचं बटण डावीकडेच ठेवलं. फक्त त्याच्या खालचं कडक रबर काढून काट्याच्या कीपॅडला असतं तसलं मऊ रबर घातलं. एवढं मऊ की झोपलेल्या माणसाचं बोट पडलं तरी दबेल.

बॅटरी बसवली, झाकण लावलं, पुसलं. कोरड्या कापडाने. आणि यांच्या मांडीवर ठेवलं.

हे बघत राहिले. "मी उजवीकडं सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग? ऐकलं नव्हतंस?"

"ऐकलं होतं. मीच डावीकडे ठेवलं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. यांनी डबा दिवाणावर ठेवून दिला आणि पेपर उघडला. दोन दिवस हातच लावला नाही. मी पण बदलून देते म्हटलं नाही. मनात मात्र धाकधूक. एवढं करून तो डबा परत माळ्यावर जाणार की काय?

तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, आणि लाइटचं काहीतरी काम निघालं आणि दुपारभर वीज गेली. टीव्ही बंद. सासूबाईंना करमेना. त्यांनी डबा उचलला.

"हे कसं चालू करत्यात गं?"

मी करून दिलं. सासूबाई गाडी चालवायला लागल्या. पहिल्याच वळणावर झाडावर. मग दुसऱ्या गाडीवर. मग पुन्हा झाडावर.

"आई, अगं वळव!"

"वळवतीय की! ही सगळी कशाला आल्यात माज्या रस्त्यावर?"

"डावीकडं! डावीकडं दाब! तिथं ट्रक आहे!"

"ट्रकवाल्याला सांग बाजूला हो म्हनून."

"सोड, सोड ते. लायसन नाही काय नाही, निघाली गाडी चालवायला. आण इकडं."

आणि यांनी डबा ओढून घेतला. उजव्या हाताने ओढला, पण धरायला दोन्ही लागले. मी दारात भाजी निवडत होते, मान वर केली नाही, फक्त डोळे. डावा अंगठा बटणावर होता. गाडी सरळ जात होती, वळण येत होतं. अंगठा हलला नाही. गाडी झाडावर. पुन्हा सुरू. पुन्हा तेच वळण, पुन्हा झाड. यांच्या कपाळावर घाम आला. मग गाडी वळली. जरा उशिराच वळली, कडेच्या गवतातून गेली, पण झाड चुकलं.

हे थांबले नाहीत. खेळतच राहिले. वीज आली, सासूबाईंनी टीव्ही लावला, तरी यांची मान वर झाली नाही.

दसऱ्याला कंपनीत हत्यारांची पूजा असते. आमच्या सोल्डरिंगच्या गन, पक्कड, मीटर सगळं पुसून ओळीत मांडतात. शेठनी आठवण ठेवली होती. म्हणाले, "तो गेम पण ठेवा. आणि साहेबांना घेऊन या." हे माझ्याबरोबर रिक्षाने पावण्याला आले. झेंडूचं फूल माझ्या गनलाही लागलं आणि निळ्या डब्यालाही. मग सगळ्या बायका रांगेत उभ्या राहून गाडी चालवायला लागल्या. शेठची गाडी तर पहिल्या वळणावरच संपली.

"आमच्या मालकिणीनं बनवलाय," हे प्रत्येकीला सांगत होते. "जपून. डावीकडचं बटण मऊ आहे, जोर लावू नका."

ताईंनी डबा उलटा करून, झाकण उचलून आतलं सोल्डरिंग बघितलं. "बासुंदी नाही कुठे," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठं त्या कोणाला काही म्हणत नाहीत.

हात पूर्ण आलेला नाही. शर्टची बटणं मीच लावते. पण चहाचा कप उजव्याने उचलला की खाली बशी आता डाव्याने धरतात, आणि भाजीची पिशवी गेटपासून घरापर्यंत आणतात.

काल डावीकडचं बटण दाबलं जाईना म्हणून डबा उघडला. उजवीकडची बटणं नव्यासारखी आहेत. डावीकडचं मात्र वरून गुळगुळीत झालंय, बाण पुसून गेलाय, आणि खालचं मऊ रबर झिजून फाटलंय. कंपनीत असा फाटलेला भाग परत आला की तक्रार लिहिली जाते. मी नवीन बसवला. जुना तुकडा टाकला नाही, माझ्या शिवणाच्या डबीत ठेवला आहे.